एक घर सरकलेलं प्यादं

क्लब हाऊसमध्ये संध्याकाळी पट मांडणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे मुद्दाम लिहून ठेवतो.

राजापुढच्या प्याद्याला काळ्याने सिसिलियन बचावाने उत्तर दिलं, की पांढरा बहुधा घोडा काढून खुल्या लढाईत उतरतो. तिथे पाठांतर जबर लागतं, आणि त्यात बलाढ्य खेळाडू सहसा पुढेच असतो. रशियन खेळाडू सेम्यॉन अलापिन (१८५६–१९२३) यांच्या नावाची वाट मात्र साधी. दुसऱ्याच चालीला वजिराच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवायचं. पटाच्या मध्यात दोन प्यादी शेजारी उभी करायची ही तयारी. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादं एकेकच घर चालायचं, त्यामुळे मला तरी ही चाल घरचीच वाटते!

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी इथे महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, मानांकन पंधरावं. समोर चीनची तान झोंगयी, २०१७ ची जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात पांढरी मोहरी मिळाली आणि दिव्याने ही अलापिनच काढली. त्याने डाव सोपा झाला असं नाही हं. झोंगयीने मोहऱ्यांची मारामारी करत तोल सांभाळला होता. दिव्या जिंकली ती १०१ चालींनंतर. सुरुवातीने दहा-बारा चाली ओळखीचं मैदान दिलं, पुढच्या नव्वद तिच्या स्वतःच्या.

२८ जुलैला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून ती विजेती झाली, आणि एकही ग्रँडमास्टर नॉर्म हाती नसताना थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर.