वीस डॉलरचं अपडेट : आयपॉड टचच्या इतिहासातलं एक पान

मागच्या वेळी आपण १९७९ च्या वॉकमनपाशी थांबलो होतो. वॉकमनबद्दल एक गोष्ट सोपी होती. दुकानातून आणला त्या दिवशी त्याच्यात जे होतं, तेच दहा वर्षांनीही होतं. बटणं झिजली, रबराचा पट्टा सैल पडला, एवढाच काय तो फरक. नवीन काही त्याच्यात आपोआप उगवत नसे, आणि असलेलं काही कोणी दुरून काढूनही घेत नसे.

आज ज्या यंत्राबद्दल बोलायचंय, तिथे हा सरळ हिशेब संपतो. ते यंत्र म्हणजे आयपॉड टच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटेल, याच्यात इतिहास काय आहे? कालपरवाची तर वस्तू. पण २००७ ते २०२२, अशी पंधरा वर्षं ती बाजारात होती. आता ती बंद झाली आहे. म्हणजे जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा आपल्याकडे आहेत. इतिहासवाल्याला आणखी काय पाहिजे!

थोडं मागे जाऊ. पहिला आयपॉड आला २३ ऑक्टोबर २००१ ला. आत तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क, ५ जीबी जागा, समोर फिरवायचं चाक, किंमत ३९९ डॉलर. त्याआधी, १९९८ मध्ये, डायमंड कंपनीचा रिओ आला होता. त्यात ३२ एमबी जागा, म्हणजे साधारण एका कॅसेटच्या एका बाजूइतकी गाणी. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनं रिओवर दावा लावला आणि १९९९ मध्ये अपिलात ती हरली. तो निकाल लागला नसता तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. पण तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, आज नको.

चाकाचा आयपॉड फार चालला. पण व्हिडिओ आला आणि चाक अडचणीचं ठरू लागलं. चाकाला जागा द्यायची तर पडदा लहान होतो. पडदा मोठा करायचा तर चाक ठेवायचं कुठे? मग उपाय एकच. पडद्यालाच बटण करायचं.

हे सुचलेले ते एकटे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. कोरियातल्या कोवन कंपनीचा डी-२ हा टचस्क्रीनचा प्लेअर आधीपासून होता. फ्रान्सच्या आर्कोस कंपनीचा ६०५ वायफाय २००७ चाच, आणि त्याचा पडदा टचपेक्षा मोठा होता, ४.३ इंच. पण या दोन्हींच्या पडद्याची जात वेगळी. त्यांना म्हणायचं रेझिस्टिव्ह. दोन पातळ थर, मध्ये बारीक पोकळी. वरून दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते यंत्राला कळतं. नखानं दाबा, काडीनं दाबा, चालतं. पण दाबावं लागतं. टचचा पडदा कॅपॅसिटिव्ह. काचेच्या मागे वीजवाहक पदार्थाची पारदर्शक जाळी असते. आपलं बोट विजेचं वाहक, ते जवळ आलं की त्या जागचा विद्युतभार बदलतो. दाबायची गरजच नाही. शिवाय दोन बोटं एकदम ओळखता येतात, म्हणून चिमटीनं फोटो मोठा करता येतो. या बहुस्पर्शाच्या कामात डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन आणि जॉन इलियास यांच्या फिंगरवर्क्स या छोट्या कंपनीचा मोठा वाटा आहे. ॲपलनं ती २००५ मध्ये घेतली.

आता ५ सप्टेंबर २००७. आयफोन येऊन सव्वादोन महिने झालेत. त्या दिवशी आयपॉड टच जाहीर झाला. ३.५ इंची पडदा, जाडी फक्त ८ मिलिमीटर, वाय-फाय, सफारी ब्राउझर, यूट्यूब. ८ जीबीला २९९ डॉलर, १६ जीबीला ३९९. आयफोनसारखाच दिसायचा आणि मोबाईल कंपनीशी दोन वर्षांचा करार करायची गरज नाही. लोक खूश झाले.

मग त्यांनी तो घरी नेला आणि चालू केला.

काय काय नव्हतं त्याच्यात? कॅमेरा नव्हता, माईक नव्हता, ब्लूटूथ नव्हतं. गाण्याच्या यंत्राला आवाज कमीजास्त करायचं बाहेरचं बटणसुद्धा नव्हतं. खिशातून काढा, पडदा उजळवा, मग बोटानं आवाज कमी करा! पण हे सगळं हार्डवेअर झालं. नाही ते नाही, घेताना दिसतंच. लोकांना खटकलं ते दुसरं. ईमेलचं ॲप नव्हतं. नकाशे नव्हते. हवामान नव्हतं, टिपणवही नव्हती. आयफोनवर हे सगळं होतं. दिनदर्शिका होती, पण तिच्यात नवीन नोंद करता येत नव्हती! नुसती बघायची. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण दूधवाल्याचे खाडे तरी लिहितो. (हशा.)

त्याच शरद ऋतूत काही हौशी मंडळींनी यंत्राचं कुलूप उघडलं. टिफ नावाच्या चित्र-फाईलची पद्धत असते, ती वाचण्याच्या कोडमध्ये एक भोक होतं. ऑक्टोबर २००७ मध्ये एक संकेतस्थळ निघालं. टचवरून नुसतं तिथे जायचं, बटण दाबायचं, काम झालं. गंमत म्हणजे काम झाल्यावर ते संकेतस्थळ ते भोक बुजवूनही द्यायचं, मागून दुसरा चोर शिरू नये म्हणून. आणि कुलूप उघडल्यावर लोकांनी केलं काय? आयफोनची ईमेल, नकाशे ही ॲपं उचलून टचवर ठेवली. ती व्यवस्थित चालली.

इथे जरा थांबू या, कारण मला वाटतं आजच्या विषयाचं मर्म इथेच आहे. तोपर्यंत ‘माझ्या यंत्रात हे नाही’ याचा अर्थ ‘हे करायची त्याची ताकद नाही’ असा होता. आता पहिल्यांदाच सामान्य ग्राहकाला स्वच्छ दिसलं, की ताकद आहे, सुटे भाग आहेत, फक्त ठेवलेलं नाही. कोणीतरी तसं ठरवलंय.

दिनदर्शिकेची खोड नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये फुकट दुरुस्त झाली. बाकीचं आलं जानेवारी २००८ मध्ये. मेल, नकाशे, हवामान, शेअर बाजार, टिपणं, अशी पाच ॲपं. नवीन टच घेणाऱ्याला ती आतच मिळणार होती. ज्यांनी आधीच्या चार महिन्यांत घेतला होता, त्यांनी मात्र २० डॉलर भरायचे. त्याच वेळी आयफोनवाल्यांचं अपडेट फुकट. आता तुम्ही म्हणाल, ही सरळसरळ लूट झाली. सगळ्यात आधी हौसेनं घेतला त्यालाच दंड!

पण ॲपलचं उत्तर होतं हिशेबाचं. ते समजून घेण्यासारखं आहे. जरा कंटाळवाणं वाटेल, पण सोडू नका.

समजा तुम्ही एक मासिक काढता. जानेवारीत वर्षाची वर्गणी घेतलीत. ती सगळी रक्कम जानेवारीची कमाई म्हणून दाखवता येत नाही. अजून अकरा अंक द्यायचेत, म्हणून दर महिन्याला बारावा हिस्सा धरायचा. दिवाळी अंक मात्र सुटा विकला, तर पैसे त्याच दिवशीचे. आयफोनला ॲपलनं वर्गणीसारखं धरलं होतं. त्याची कमाई २४ महिन्यांवर पसरून दाखवायची, कारण ‘पुढे आम्ही यात नव्या सोयी फुकट देऊ’ असं आधीच ठरवलेलं. आयपॉड टच धरला होता सुट्या अंकासारखा. विकला, पैसे जमा, व्यवहार पुरा. आता पुरा झालेल्या व्यवहारात तुम्ही चार महिन्यांनी महत्त्वाची नवी भर फुकट घातलीत, तर हिशेबतपासनीस विचारणार : म्हणजे विकला त्या दिवशी माल अर्धाच दिला होता का? मग सगळे पैसे त्या दिवशी कसे दाखवलेत? एन्रॉनचं दिवाळं २००१ च्या अखेरीस निघालं. २००२ च्या सारबेन्स-ऑक्सली कायद्यानं वरिष्ठ अधिकाऱ्यांना ताळेबंदावर स्वतःच्या सहीनं जबाबदार धरलं. त्या वातावरणात असले प्रश्न कोणालाच नको होते. जानेवारी २००७ मध्ये मॅक संगणकांतली जलद वाय-फायची सोय उघडायलासुद्धा ॲपलनं १.९९ डॉलर घेतले होते. कारण हेच. चिप आत होतीच.

माझं मत विचाराल, तर कारण खरं होतं, पण पुरं नव्हतं. टच सुट्या अंकासारखा धरायचा हे शेवटी कंपनीनंच ठरवलं होतं. आयफोनला जो विचार लावला तो टचला लावायला कोणी बंदी केली नव्हती. आणि हिशेबासाठी पैसे घ्यायचेच होते, तर मॅकला २ डॉलर आणि इथे २०, हे कसं? याचं उत्तर कायद्यात सापडत नाही. अर्थात न्यायाला धरून हेही सांगतो, की आर्कोस कंपनी आपल्या ६०५ वर ब्राउझर आणि काही व्हिडिओ प्रकार चालवायचे पैसे वेगळे घेत असे. म्हणजे एकट्या ॲपलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात अर्थ नाही.

पुढची वर्षं भराभर सांगतो. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर आलं, टचवाल्यांना ९.९५ डॉलर. सप्टेंबर २००८ ला दुसरी पिढी आली. स्पीकर आला आणि हुश्श, आवाजाची बटणं आली. ती खोलून बघणाऱ्यांना आत ब्लूटूथ सांभाळणारी चिप दिसली. जाहिरातीत ब्लूटूथचा उल्लेखही नव्हता. जून २००९ मध्ये अपडेट आलं, ब्लूटूथ जागं झालं. किंमत पुन्हा ९.९५. स्वतःच्या खिशातली चिप जागी करायला पैसे!

दरम्यान त्या यंत्राचं काम काय, हेच बदललं. हे नक्की कशासाठी विकायचं, ते आपल्यालाही आधी उमगलं नव्हतं, अशी कबुली स्टीव्ह जॉब्सनी २००९ च्या एका मुलाखतीत दिली होती. ग्राहकांनी सांगितलं, हे खेळाचं यंत्र आहे. फोन हातात द्यायला आईबाप तयार नसत अशा मुलांच्या हातात टच गेला. ॲपलच्या दुकानांत विक्रेते त्याला बारकोड वाचायचं खोळ घालून बिलं करू लागले. अमेरिकन सैनिकांनी भाषांतरासाठी तो इराकमध्ये नेला.

आणि आपल्याकडे? आयफोन भारतात अधिकृतपणे आला ऑगस्ट २००८ मध्ये, ८ जीबी ३१,००० रुपयांना. म्हणून पुण्या-मुंबईत अनेकांच्या बोटांनी असा पडदा पहिल्यांदा अनुभवला तो टचवर, आणि तोही बहुधा अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या किंवा जावयाच्या बॅगेतून आलेला. गाण्यांचं आयट्यून्स दुकान भारतात उघडलं थेट डिसेंबर २०१२ मध्ये. तोवर आपण घरच्या सीडी संगणकात घालायच्या, तासभर बसायचं आणि वसंतराव, किशोरीताई एकेक करून आत चढवायच्या. गाण्यांची नावं स्वतः टाइप करायची. ते काम ज्यांनी केलंय त्यांना आजही आपल्या संग्रहात काय आहे ते पाठ असेल.

हिशेबाचा नियम अमेरिकेतल्या मंडळानं सप्टेंबर २००९ मध्ये बदलला. आता विक्रीची बहुतेक रक्कम लगेच दाखवता येऊ लागली आणि पुढच्या अपडेटपुरता थोडा वाटा मागे ठेवला की भागत होतं. जून २०१० चं आयओएस ४ टचलाही फुकट मिळालं आणि तेव्हापासून पैसे मागणं बंद झालं. त्यानंतर कॅमेरे आले, रंग आले, पडदा ४ इंचांचा झाला. सातवी आणि शेवटची पिढी मे २०१९ ची. १० मे २०२२ ला ॲपलनं सांगितलं, साठा संपेपर्यंतच विक्री.

फक्त ते फुकट आयओएस ४ पहिल्या पिढीच्या टचवर चालत नव्हतं, ते दुसऱ्या पिढीपासून पुढे. सप्टेंबर २००७ मध्ये ज्यांनी टच घेतला आणि प्रत्येक अपडेट घेतलं, त्यांनी २० अधिक ९.९५ अधिक ९.९५, असे जवळपास ४० डॉलर भरले होते. त्यांची गाडी ३.१.३ वर थांबली.