शंभर कथा आणि सात नोकर

युरोपीय प्रबोधनाच्या इतिहासात जोव्हान्नी बोकाचिओच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातल्या दोन-चार ओळी येतात. इटालियन गद्याचा जनक, शंभर कथांच्या 'डेकॅमेरॉन'चा कर्ता, पेत्रार्कचा मित्र, एवढेच. वर्गात एखादा विद्यार्थी गालातल्या गालात हसतो. पुस्तक चावट आहे असे त्याने कुठूनतरी ऐकलेले असते. मी ते इंग्रजी भाषांतरातून सबंध वाचले तेव्हा माझे लक्ष भलतीकडेच गेले. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्याची नजर मेजवानीच्या वर्णनात आधी चुलीकडे जाते.

बोकाचिओ १३१३ साली जन्मला. आई-बापाचे लग्न झालेले नव्हते. व्यापारी बापाने मुलाला आपला म्हणून स्वीकारले, नेपल्सला नेले, सावकारी पेढीच्या कामात घातले, पुढे चर्चचा कायदाही शिकवून पाहिला. पोराचे चित्त दोन्हींत रमले नाही. १३४८ साली फ्लॉरेन्समध्ये प्लेग आला आणि १३५३ च्या सुमारास 'डेकॅमेरॉन' पुरे झाले. ते त्याने लॅटिनमध्ये लिहिले नाही. चर्च, न्यायालय आणि विद्यापीठ यांची भाषा लॅटिन. हा ग्रंथ मात्र बाजारात आणि घरात बोलल्या जाणाऱ्या तोस्कान भाषेत आहे, आणि तो स्त्रियांना उद्देशून आहे.

प्लेगचे वर्णन करताना हा व्यापाऱ्याचा मुलगा गरिबांना विसरत नाही. शहरातली सामान्य माणसे रोज हजारोंनी आजारी पडून शुश्रूषेवाचून मेली आणि खेड्यातले कष्टकरी शेतात, वाटेवर जनावरांसारखे पडले, हे तो स्पष्ट नोंदवतो. पण कथा सांगायला गावाबाहेर निघतात त्या सात उच्चकुलीन स्त्रिया आणि तीन तरुण. त्यांच्याबरोबर चार दासी आणि तीन नोकर. या सातही जणांची नावे बोकाचिओने दिली आहेत, कोणी काय करायचे तेही सांगितले आहे : खर्च कोणाकडे, बिछाने कोणाकडे, स्वयंपाक कोणाकडे. शिवाय नोकरांना ताकीद आहे की बाहेरची बातमी आणायची तर चांगलीच आणायची. दहा दिवसांत शंभर कथा होतात. त्यांतली एकही या सातांच्या तोंडी नाही.

सहाव्या दिवशी स्वयंपाकघरातून भांडणाचा आवाज येतो. लिचिस्का नावाची दासी आणि तिंदारो नावाचा नोकर वाद घालीत असतात : अमक्याची बायको लग्नाच्या रात्री कुमारिका होती की नव्हती? लिचिस्काचा दावा असा, की तिच्या शेजारपाजारची एकही पोर कुमारिका म्हणून नवऱ्याकडे गेली नाही. कुलीन स्त्रिया पोट धरून हसतात. निवाडा लिचिस्काच्या बाजूने होतो. ती आणखी बोलू पाहते तेव्हा मात्र त्या दिवसाची राणी तिला फटक्यांची धमकी देऊन परत पाठवते. आणि त्याच संध्याकाळी, बायका नवऱ्यांना कशा फसवतात हा दुसऱ्या दिवसाचा विषय ठरतो, तो लिचिस्काच्या बोलण्यावरून सुचला असे उघड सांगून! विषय तिचा, दहा कथा सांगणारी तोंडे मात्र मालकांची. हे बोकाचिओला खटकले होते की नुसती गंमत वाटली होती, हे ठरवणे कठीण. पण त्याने ते लिहून ठेवले, लपवले नाही.

शेवटची कथा ग्रिसेल्डाची. ग्वाल्तिएरी हा सरंजामदार गरीब शेतकऱ्याची मुलगी बायको करतो. सगळ्यांदेखत तिची वस्त्रे उतरवून नवी नेसवतो, पुढे दोन्ही मुले हिरावून मारल्याचे भासवतो, आणि वर्षांनंतर एका अंगरख्यानिशी तिला बापाच्या घरी धाडतो. बापाने तिचे जुने कपडे जपून ठेवलेले असतात. हे लग्न टिकेल यावर त्याचा कधी विश्वासच बसला नव्हता. या एका तपशिलात मला त्या काळाचे सारे समाजशास्त्र दिसते. कथा सांगणारा दियोनेओ सरंजामदाराच्या वागण्याला मूर्ख पशुपणा ठरवतो. गरिबाच्या खोपटात दैवी गुणांची माणसे जन्मतात आणि राजवाड्यात डुकरे राखायच्या लायकीची, असा त्याचा अभिप्राय आहे.

१३७३ साली पेत्रार्कने ही कथा लॅटिनमध्ये नेली. पुस्तक लोकांसाठी गद्यात लिहिलेले, आपण ते वरवर चाळले, असे त्याने मित्राला कळवले. त्याच्या लॅटिनमध्ये दियोनेओचा तो अभिप्राय उरला नाही. ग्रिसेल्डाने जसे नवऱ्याचे सोसले तसे माणसाने ईश्वराचे सोसावे, हे तात्पर्य आले. मालकाचा छळ ही देवाची परीक्षा झाली! हीच आवृत्ती विद्वानांत पसरली. चॉसरने ती इंग्रजीत आणली, पेत्रार्कचे नाव घेतले, बोकाचिओचे नाही.

चर्चनेही आपली कात्री चालवली. १५५९ मध्ये ग्रंथ निषिद्ध यादीत गेला, आणि १५७३ च्या 'शुद्ध' आवृत्तीत पापे तशीच ठेवून पाप करणाऱ्या पाद्र्यांच्या जागी संसारी माणसे घातली गेली.

खुद्द बोकाचिओचे काय? उतारवयात तो लॅटिन ग्रंथांत रमला. १३७३ मध्येच त्याने फ्लॉरेन्सच्या एका चर्चमध्ये दान्तेच्या काव्यावर सामान्य श्रोत्यांसमोर व्याख्याने दिली. काव्य गर्दीपुढे उघडे केल्याबद्दल बोलणी खाल्ली आणि पश्चात्तापाची सुनीतेही लिहिली. एका मित्राला त्याने पत्र लिहिले, की घरातल्या स्त्रियांना 'डेकॅमेरॉन' वाचू देऊ नकोस. या पत्रावरून पंडित त्याला पश्चात्तापदग्ध ठरवतात. मला ते पटत नाही. कारण याच सुमारास, साठीच्या उंबरठ्यावर, आजारी शरीराने त्याने हा सबंध ग्रंथ पुन्हा स्वतःच्या हाताने सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. १३७५ च्या डिसेंबरात तो चेर्ताल्दो गावी वारला. ते हस्तलिखित, काही पाने हरवलेले, आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहे.