किनाऱ्यावरची मासेमारी पाण्याच्या ओढीवर का ठरते?

कोकणात किनाऱ्यावरून मासे धरायचे ते रापण, पाग किंवा गळाने. माशाच्या मागे खोल समुद्रात जायचं नसल्याने तो पाण्याबरोबर जवळ यावा लागतो.

यातला सर्वांत मोठा प्रवाह किनाऱ्यावरून जाणवतही नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर असलेला हा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. पावसाळ्यात वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. केरळजवळ याचा जोर जास्त, उत्तरेकडे तो कमी होत जातो. या पाण्यात प्लवक वाढतात, आणि तारली-बांगड्यांचं खाद्य तेच.

पण आज कधी जायचं, हे भरती-ओहोटी ठरवते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भरतीच्या वेळेचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईच्या आसपास हे ढोबळमानाने जुळतं. नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यातच पाहावी.

खाडीच्या मुखाशी पाणी वाहतं असताना कोळंबी आणि लहान मासे त्याबरोबर येतात. जिताडा त्यांची वाट पाहत खडकाच्या आडोशाला थांबतो. पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीला पाणी थोडा वेळ थांबतं, तेव्हा गळाला मासा लागणंही मंदावतं. उलट उधाणात ओढ इतकी वाढते की हलकं शिसं तळाला टिकत नाही. त्यामुळे ‘उधाण म्हणजे भरपूर मासे’ हे गळ टाकणाऱ्यांसाठी अर्धंच खरं.

रापणीची अडचण वेगळी. होडीतून अर्धगोलात सोडलेलं जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढतात. लाटा तिरक्या येत असतील तर पाणी किनाऱ्यालगत एका बाजूला वाहतं, जाळंही तिकडे सरकतं.

सर्वांत धोकादायक ती आत खेचणारी ओढ. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गढूळ दिसला, तर तिथून पाणी समुद्राकडे परतत असण्याची शक्यता असते. पाग टाकायला कमरेइतक्या पाण्यात उतरणाऱ्याला नेमकी हीच शांत जागा सोयीची वाटते. त्या ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं आणि मगच किनाऱ्याकडे वळावं.