‘ओ पेअर’ : एका संज्ञेचा सामाजिक इतिहास

शालेय शिक्षण संपल्यावर आणि पुढील अध्ययनास किंवा व्यवसायास आरंभ करण्यापूर्वी तरुणांनी एखादे वर्ष परमुलखातील कुटुंबात राहून घालवावे, ही प्रथा पश्चिम युरोपात जुनी आहे. तिच्या विविध रूपांपैकी ‘ओ पेअर’ या नावाने प्रसिद्ध असलेले रूप भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक ठरते. कारण या प्रथेच्या इतिहासात जो वाद पुनःपुन्हा उद्भवला तो मूलतः नावाचा वाद होता. परक्या घरात राहून तेथील मुले सांभाळणारी आणि त्या निमित्ताने तेथील भाषा आत्मसात करणारी तरुणी ही पाहुणी, विद्यार्थिनी की मोलकरीण? या प्रश्नाच्या उत्तरावर तिच्या कामाचे तास, तिला मिळणारा पैसा आणि प्रसंगी त्या देशात राहण्याचा तिचा हक्कही अवलंबून राहिला.

प्रथम संज्ञेचा विचार करू जाता असे दिसते की, फ्रेंचमधील हा शब्दप्रयोग बाजारपेठेच्या परिभाषेशी निगडित आहे. रोख्याची बाजारातील किंमत आणि दर्शनी किंमत सारखीच असली म्हणजे तो ‘पेअर’वर आहे असे म्हणत. पुढे जो मनुष्य वेतन न घेता केवळ निवास व भोजन यांच्या मोबदल्यात काम करतो, तो ‘ओ पेअर’ राहतो असा प्रयोग रूढ झाला. देणे-घेणे फिटले, रोख रक्कम उरली नाही, एवढाच त्याचा आशय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रयोग इंग्रजीत आला. पुढे त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा सांगितला जाऊ लागला. येथे सूक्ष्म परंतु महत्त्वाचे अर्थांतर घडले आहे. मुळात समता होती ती दोन मोबदल्यांची. नंतर ती दोन व्यक्तींची मानली गेली. ‘पगार नाही’ या वस्तुस्थितीचे ‘दर्जा समान आहे’ या आश्वासनात झालेले हे रूपांतर पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

या प्रथेचे जवळचे पूर्वरूप स्वित्झर्लंडमध्ये आढळते. जर्मनभाषी प्रांतांतील मुली शाळा संपल्यावर फ्रेंचभाषी प्रांतातील एखाद्या कुटुंबात वर्षभर राहत, घरकामास हातभार लावीत आणि फ्रेंच शिकून परत येत. या वर्षास ‘वेल्शलांडयार’ असे नाव आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असंख्य स्विस मुलींच्या आयुष्यात हे वर्ष जणू एका संस्काराप्रमाणे येत असे. देश एकच, परंतु भाषा, चालीरीती व पुष्कळदा धर्मपंथही निराळा. त्यामुळे घर सोडून न सोडल्यासारखे हे परदेशगमन पालकांना मान्य होई. अशा मुलीसाठी जर्मनमध्ये ‘हाउसटोख्टर’, म्हणजे घरची लेक, असाही शब्द वापरीत. नात्याच्या शब्दाने सेवेचे नाव झाकण्याची ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे.

ब्रिटनमधील परिस्थिती निराळी होती. १९३० नंतरच्या दशकात जर्मनी व ऑस्ट्रिया येथून जीव वाचवून निघालेल्या सुमारे २०,००० ज्यू स्त्रिया घरकामाच्या परवान्यावर तेथे आल्या. त्यांना मोलकरीण हे नाव पत्करावे लागले, कारण प्रवेशाची दुसरी वाट बहुधा बंद होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश मध्यमवर्गास घरगडी व मोलकरणी मिळेनाशा झाल्या आणि त्याच सुमारास युरोपातील तरुणी इंग्रजी शिकण्यासाठी ब्रिटनची वाट धरू लागल्या. दोन गरजांची गाठ पडली. मात्र या नव्या मुलीस मोलकरीण म्हणणे दोन्ही पक्षांस अप्रशस्त वाटे. ‘ओ पेअर’ या परकीय शब्दाने ती अडचण दूर केली.

या संदिग्धतेस नियमांची चौकट देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे युरोप परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे सह्यांसाठी खुला केलेला करार होय. १९७१ मध्ये तो अमलात आला. त्यानुसार अशा व्यक्तीचे वय १७ ते ३० असावे, रोजचे काम सामान्यतः पाच तासांहून अधिक नसावे, आठवड्यात एक पूर्ण दिवस मोकळा असावा व महिन्यातून किमान एकदा तो रविवार असावा, शक्यतो स्वतंत्र खोली मिळावी, भाषावर्गास जाण्यास सवड मिळावी आणि या सर्व अटी लेखी असाव्यात. कराराच्या प्रास्ताविकात एक मार्मिक विधान आहे : अशा व्यक्ती विद्यार्थिवर्गात मोडत नाहीत आणि कामगारवर्गातही मोडत नाहीत, दोहोंची लक्षणे असलेला त्यांचा एक विशेष वर्ग आहे. जुन्या प्रश्नास हे उत्तर म्हणावे की प्रश्नाचीच अधिकृत नोंद म्हणावी, हे ठरविणे कठीण आहे. या करारास मान्यता देणारी राष्ट्रे थोडीच होती; फ्रान्स, इटली, स्पेन, डेन्मार्क व नॉर्वे यांचा त्यांत समावेश होता, ब्रिटनचा नव्हता.

कराराची शब्दयोजनाही बोलकी आहे. पैसा दिला जातो, परंतु त्यास वेतन न म्हणता ‘हातखर्च’ म्हटले आहे. हातखर्च मुलांना मिळतो, नोकरांना नव्हे. कामास ‘कुटुंबाच्या दैनंदिन कर्तव्यांतील सहभाग’ असे संबोधिले आहे. मराठीतही ‘घरची’ आणि ‘घरच्यासारखी’ यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. घरच्या मुलीस कोणी घरच्यासारखी म्हणत नाही. जिला तसे म्हणावे लागते ती घरची नसते. तथापि या शब्दांना केवळ ढोंग ठरविणेही अन्यायाचे होईल. एकाच टेबलावर जेवणे, मुलांच्या अखंड बडबडीतून व त्यांनी निःसंकोच केलेल्या दुरुस्त्यांतून भाषा शिकणे, हा लाभ वर्गातील पाठांनी मिळणारा नव्हे. भाषा हेच येथे खरे चलन होते. हे चलन जोवर दोन्ही पक्षांस मोलाचे वाटे, तोवर ‘समता’ हा शब्द अगदीच पोकळ नव्हता.

ही अट ढिली झाली तेथे संज्ञाही ढासळली. अमेरिकेत १९८६ मध्ये सांस्कृतिक विनिमय म्हणून ही योजना सुरू झाली. तिच्यातील कामाची मर्यादा आठवड्यास ४५ तासांपर्यंत गेली. युरोपातील कित्येक देशांत समान सांपत्तिक स्थितीच्या कुटुंबांतील मुलींऐवजी दूरच्या व गरीब देशांतील तरुणी येऊ लागल्या. नॉर्वेत एकविसाव्या शतकात त्यांपैकी बहुसंख्य फिलिपाईन्समधील होत्या. नॉर्वेजियन भाषा त्यांना पुढे फारशी उपयोगी पडणारी नव्हती, घरी पाठविता येणारा हातखर्च मात्र होता. पिळवणुकीच्या तक्रारींमुळे फिलिपाईन्सने १९९८ मध्ये आपल्या तरुणींना या योजनेखाली युरोपात जाण्यास मनाई केली व २०१० पासून ती टप्प्याटप्प्याने उठविली. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने, एका तुर्की तरुणीच्या प्रकरणात, ‘ओ पेअर’ म्हणून देशात प्रवेश मिळाला एवढ्यावरून कोणाचे कामगारपण नाकारता येत नाही, असा निर्णय दिला. अखेर मार्च २०२४ मध्ये नॉर्वेने ही योजनाच बंद केली.

सारांश, १९६९ च्या कराराने निर्माण केलेला ‘विशेष वर्ग’ टिकला तो दोन्ही बाजूंची सांपत्तिक स्थिती सारखी होती तोवर. वर्ष संपल्यावर परत जाण्यास जिला सुस्थित घर होते, तिला नावातील संदिग्धता मोकळीक देणारी ठरली. जिला ते नव्हते, तिला तीच संदिग्धता निराधार करून गेली. बरोबरीचा शब्द बरोबरी निर्माण करीत नाही, असलेल्या बरोबरीस केवळ नाव देतो. म्हणून या प्रथेचा इतिहास लिहिताना करार व कायदे यांच्याइतकीच त्या घरांतील संबोधनांची नोंद महत्त्वाची ठरते : कोण कोणास कोणत्या नावाने हाक मारी, आणि ती हाक जेवणासाठी असे की कामासाठी.