पैसं कुणी दिलं?

बाबूराव पेंटरांची गोष्ट आमच्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. कोल्हापुरी माणूस गोष्ट सांगताना पदरचा मीठमसाला घालणारच, पण मूळ हकीकत पक्की होती. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. 'पेंटर' हे नाव त्यातूनच चिकटलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी पाहिला आणि आपणही सिनेमा काढायचा, असं दोघांनी ठरवलं. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. विलायतेहून कॅमेरा येणं अवघड झालं, तेव्हा तो कोल्हापुरातच करायचा बेत झाला.

आजोबा इथं रमायचे. त्या दोघांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर मिळवून आणला होता. चित्र दाखवणारं यंत्र आणि चित्र टिपणारं यंत्र आतून एकाच जातीची. फिल्म सलग सरकून चालत नाही. दर चौकटीला क्षणभर थांबायला हवी आणि ती पुढं सरकत असताना उजेड अडायला हवा. एका सेकंदात हे पंधरा-सोळा वेळा. दातेरी चाक केसभर चुकलं तरी सगळं चित्र थरथरणार. हातानं कानस मारणाऱ्यांनी हे जमवायचं! आजोबा हवेत हँडल फिरवून दाखवायचे.

१९१६ साली आनंदराव गेले. आजोबा हे एका वाक्यात उरकायचे. मी मात्र तिथंच अडकतो. जोडीदार गेला, यंत्र अर्धवट राहिलं, आणि बाबूराव थांबले नाहीत. आपले शिष्य दामले यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा चालता केला. आवडीच्या कामासाठी सगळं झुगारून उडी घेणाऱ्यांच्या गोष्टी मला जरा खोट्याच वाटतात. बाबूरावांनी कुंचला टाकला नव्हता. पुढं सिनेमाचे देखावे आणि पोस्टरंही त्याच हातानं रंगवली.

गोष्ट इथवर आली की आतून आजीचा आवाज यायचा, "आवं, पैसं कुणी दिलं त्ये सांगा की!"

दिले तानीबाई कागलकरांनी. त्या गायिका. गाणाऱ्या बाईच्या मैफलीला यायचं आणि तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असा तो काळ. गळ्यावर मिळवलेली पुंजी त्यांनी अशा माणसाच्या हाती दिली, ज्यानं तोवर एकही सिनेमा केलेला नव्हता. त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथंच घडले, आणि पुढं १९२९ मध्ये त्यांनी 'प्रभात' काढली.

कंपनीचा पहिला सिनेमा 'सैरंध्री', १९२० चा. फाळक्यांची तारामती पुरुषानं केली होती. इथं बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. त्यापायी दोघींना त्यांच्या समाजानं वाळीत टाकलं आणि स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. सिनेमा पडला असता तर बाबूराव परत नाटकाचे पडदे रंगवू शकले असते. या दोघींना परतायला घर उरलं नव्हतं. आजी त्यांची पडद्यावरची नावं न चुकता सांगायची: गुलाबबाईची कमलादेवी झाली, अनसूयाबाईची सुशीलादेवी.