घोडशीर आणि व्यायामोपचार

गणेशमूर्तींच्या कारखान्यांकरिता विख्यात असलेल्या पेण तालुक्यातील जोहे गावाहून खोपोलीमार्गे घाट चढून गेल्यावर जे लोणावळे लागते, तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून आसनांच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली, ही व्यायामोपचाराच्या इतिहासातील पहिल्या दर्जाची घटना होय. त्याच दशकात, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या नजरकैदेत राहिलेले जर्मन जोसेफ पिलाटीस न्यूयॉर्कास गेले, आणि स्प्रिंगांच्या साधनांवरील त्यांची पद्धती नर्तकांत रुजली. नर्तकास टाचेवरील घोडशिरेचे दुखणे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

या दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या विश्रांतीच्या हुकमास जोराचा धक्का दिला तो १९९८ साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी: दोन्ही चवड्यांवर उंच व्हावयाचे, मग दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच पायरीखाली सावकाश उतरवावयाची, १५-१५च्या ३ फेऱ्या, एकदा गुडघा ताठ, एकदा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पिलाटीसच्या यंत्रावर हीच हालचाल निजून, अंगाचा भार टाळून करता येते, एवढाच त्याचा खरा उपयोग. बाकीची महती मला जाहिरातीची वाटते. जोह्याच्या कारागिरास घरची पायरी पुरेल. मात्र शिरेत अकस्मात कट्कन आवाज होऊन चवड्यावर उभे राहवेना, तर व्यायाम सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.