नामपल्लीची नुमाइश आणि जुन्या वस्त्रांचे मोल

हैदराबाद शहरात नामपल्ली स्थानकावर जानेवारी महिन्यात उतरलेल्या पाहुण्यास नुमाइशीची वाट विचारावी लागत नाही. गर्दीचा ओघ ज्या दिशेने वाहत असेल, त्या दिशेस प्रदर्शनाचे मैदान असावयाचे. या नुमाइशीचा आरंभ इ. स. १९३८ मध्ये जवळच्याच बागे-आममध्ये झाला. उस्मानिया विद्यापीठाच्या काही पदवीधरांनी निजामाच्या राज्याची आर्थिक पाहणी करण्याचे मनावर घेतले होते. त्या कामासाठी पैसा उभा करावा आणि राज्यात तयार होणारा माल लोकांच्या नजरेस आणावा, अशा दुहेरी हेतूने त्यांनी पन्नासेक दुकाने मांडली. पुढे बाग अपुरी पडू लागली, तेव्हा १९४६ मध्ये प्रदर्शन सध्याच्या जागी आले. प्रारंभीचे त्याचे नाव ‘नुमाइश मसनूआत-ए-मुल्की’, म्हणजे मुलखातील मालाचे प्रदर्शन, असे होते.

या ‘मुलखा’त १९५६ पर्यंत मराठवाडाही होता, हे मराठी वाचकांस सांगावयास हवे असे नाही. औरंगाबादचा हिमरू आणि पैठणची पैठणी ही याच राज्यातील वस्त्रे. किनखाब परवडत नसे त्याच्यासाठी हिमरू निघाला. सुती ताण्यावर रेशमी बाण्याची वेलबुट्टी काढल्यामुळे थोड्या रेशमात दरबारी थाट साधे. मशरूची युक्ती याहून मार्मिक. निखळ रेशीम अंगास लागणे धर्मनिष्ठ मुसलमान पुरुषास वर्ज्य. म्हणून विणकराने रेशीम वरच्या अंगास आणि सूत आतल्या अंगास राहील अशी वीण बसविली. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच ‘धर्मसंमत’ असा आहे. मौल्यवान धागा जपून वापरण्याची कला अशी विणीतच मुरलेली होती.

वस्त्र विकले गेले म्हणजे त्याची कथा संपत नसे. पैठणी विरली तरी तिच्या जरीतील चांदी विरत नसे. ती आटवून पुन्हा हाती येई. सुती लुगडे जीर्ण झाले की त्याची गोधडी होई, गोधडीची वाकळ होई. ज्या कपड्याचे घरात काही होण्यासारखे नसे, तो बोहारणीच्या पाटीत जाई आणि त्याच्या बदली एखादे भांडे घरात येई. अगदी अखेरच्या चिंध्यांनाही गिऱ्हाईक होते. दौलताबादेजवळ कागदीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी तेथे हलविली, तेव्हापासून कागद करणाऱ्यांची ती वस्ती, अशी परंपरा सांगतात. चिंध्या भिजवावयाच्या, कुटून त्यांचा लगदा करावयाचा, जाळीवर पातळ थर उचलावयाचा, तो वाळवून गुळगुळीत दगडाने घोटावयाचा, असा हा उद्योग. एके काळी कोणा शेतकऱ्याच्या अंगावर असलेले धोतर सरकारी दप्तरात सनद होऊन बसले असेल, ही कल्पना मोठी गमतीची खरी. पण ती निव्वळ कल्पना नव्हे.

राजवाड्यातील रीत मात्र निराळी. सहावे निजाम मीर महबूब अली खान (१८६६–१९११) यांचे वस्त्रालय पुराण्या हवेलीत आजही दाखवितात. लाकडी कपाटांची ती दुमजली रांग पाहून पाहणारा थक्क होतो. एकदा अंगावर घातलेला पोशाख त्यांनी पुन्हा घातला नाही, असे लोक सांगतात. त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान हे त्यांच्या अगदी उलट. जगातील सर्वांत धनाढ्य पुरुष म्हणून १९३७ मध्ये अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. पण त्यांची जुनी, मळकट टोपी आणि साधी शेरवानी हा शहरात थट्टेचा विषय होता. ही काटकसर की कृपणता, यावर हैदराबादेत अजूनही वाद झडतात. नुमाइशीचा आरंभ झाला तो या उस्मान अलींच्याच कारकिर्दीत.

परंतु निजामाने विटकी शेरवानी घालणे आणि कोष्ट्याच्या बायकोने ठिगळ लावणे यांस एकाच मापाने मोजता येणार नाही. एकाच्या हाती निवड होती, दुसरीस गत्यंतर नव्हते. वस्तू पुनःपुन्हा वापरात आणण्याच्या व्यवस्थेस हल्ली ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव मिळाले आहे आणि तिची थोरवी सांगताना जुन्या गोधडीचे दाखले आवर्जून दिले जातात. त्या चक्रात बोहारीण उन्हातान्हात दारोदार फिरत होती आणि कागदी दिवसभर पाण्यात हात घालून उभा होता, हे सांगण्याचे मात्र बहुधा राहून जाते. ते चक्र फिरले ते पुष्कळ अंशी दारिद्र्याच्या बळावर. नव्या व्यवस्थेस हे जुने चक्र हवे असेल, तर त्यातील माणसांची मजुरीही तिला नव्याने ठरवावी लागेल.

शिवाय आता वस्त्रच बदलले आहे. चिंध्यांचा कागद झाला, कारण सूत कुटले की त्याचा लगदा होतो. पॉलिएस्टर हा खनिज तेलापासून काढलेला धागा; तो कुटून कागद होत नाही, पुरला तर वर्षानुवर्षे कुजत नाही आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेले असले म्हणजे त्यांस पुन्हा वेगळे करणे आजच्या कारखान्यांनाही जड जाते. लोकरीचे तसे नाही. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले लोकरी कोट व स्वेटर हरियाणातील पानिपतास गठ्ठ्यांनी येतात. तेथे बायका त्यांची बटणे व अस्तरे काढतात आणि रंगवारीने ढीग लावतात. मग यंत्रात पिंजून त्यांचे पुन्हा सूत निघते. मुळात रंगवारी लावलेली असल्यामुळे या सुतास पुन्हा रंग देण्याची गरज बहुधा पडत नाही. त्याच्या घोंगड्या होतात, आणि पूर अथवा भूकंप झाला की संकटग्रस्तांना वाटण्यासाठी त्यांना मोठी मागणी येते.